कमेंट कशा येतात आणि आल्यावर त्यांचं काय करायचं
आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडे समाजमाध्यमांवरचं पेज सांभाळायला देताना जवळपास प्रत्येक जण आधी विचारतो, "फॉलोअर किती वाढतील?" आम्ही आकड्याचं वचन देत नाही. एवढं मात्र खात्रीने सांगतो की तुमच्या पोस्टखाली लोक बोलायला लागले आणि त्यांना तुमच्याकडून उत्तर मिळायला लागलं की पेज वाढतं, आणि ते टिकतंही. मसाले करणाऱ्या ताई, आंबा बागायतदार, कोल्हापुरी चपलांचे कारागीर आणि घरगुती निवास-न्याहारी चालवणारी कुटुंबं आमचे ग्राहक आहेत. हे पत्रक त्यांच्यासाठी लिहिलं आहे, म्हणून उदाहरणंही त्यांच्याच कामातली घेतली आहेत.

कमेंटला इतकं वजन का

जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने आपल्या फीडची मांडणी बदलली. ज्या पोस्टवर माणसं एकमेकांशी बोलतात ती वर दाखवायची आणि जी नुसती पाहून पुढे ढकलली जाते ती मागे ठेवायची, असं धोरण कंपनीने जाहीर केलं. २०२१ मध्ये इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी आपल्या फीडचं काम कसं चालतं ते लिहून सांगितलं. एखादा माणूस पोस्टवर थांबेल का, लाइक करेल का, कमेंट करेल का, प्रोफाइलवर जाईल का, याचा अंदाज बांधून पोस्टचा क्रम लागतो, असं त्यात होतं. रीलचं गणित थोडं वेगळं आहे. रील किती वेळ पाहिली गेली आणि किती जणांनी ती दुसऱ्याला पाठवली, याला तिथे मोठं महत्त्व असतं. म्हणजे कमेंट आल्या की सगळं आपोआप होईल, असं समजू नका.

छोट्या व्यवसायासाठी मात्र कमेंटचा आणखी एक उपयोग आहे, आणि आम्हाला तोच जास्त मोलाचा वाटतो. नवीन माणूस पेजवर आला की फोटो पाहतो आणि लगेच खालच्या कमेंट वाचतो. आधीच्या माणसाने काय विचारलं, मालकाने उत्तर दिलं का, कुणाची तक्रार होती का, ती मिटली का, हे सगळं तो पाहतो. फॉलो करायचं की नाही हे बरेचदा तिथेच ठरतं.

लोक कशावर बोलतात

समजा तुमचा कांदा-लसूण मसाल्याचा व्यवसाय आहे. तुम्ही पाकिटाचा छान फोटो टाकला आणि वर लिहिलं, "आमचा घरगुती मसाला, चव अशी की विसरणार नाही. तुम्हाला कसा वाटला, नक्की कळवा." यावर कुणी काय लिहावं? ज्यांनी मसाला घेतलेलाच नाही त्यांच्याकडे सांगायला काही नाही. ज्यांनी घेतलाय ते "मस्त" लिहून मोकळे होतात.

आता हीच पोस्ट मार्च-एप्रिलमध्ये, मिरच्या उन्हात पसरलेल्या असताना अशी टाका: "या वर्षी ब्याडगी जास्त आणि संकेश्वरी कमी घेतलीय, रंग हवा म्हणून. तुमच्याकडे वर्षाच्या मसाल्याला कुठली मिरची घेतात? डंकावर कुटून आणता की घरीच करता?" हा प्रश्न वाचणाऱ्याच्या घरातला आहे. उत्तर त्याच्याकडे तयार असतं, शोधावं लागत नाही. कुणी लिहील, "आमच्याकडे लवंगी लागतेच, त्याशिवाय जेवण गोड लागतं." कुणी लिहील, "आई होती तोवर डंकावर नेत होतो, आता विकत आणतो." ही दुसरी कमेंट नीट वाचा. तो माणूस तुमचा उद्याचा गिऱ्हाईक आहे आणि त्याने ते स्वतःच सांगितलंय.

चांगल्या प्रश्नाची आमची कसोटी एवढीच आहे की त्याचं उत्तर एका ओळीत, स्वतःच्या अनुभवातून, फोन हातात धरल्या धरल्या देता आलं पाहिजे. "आरोग्यदायी आहाराबद्दल तुमचं मत काय?" या प्रश्नावर माणूस परीक्षेला बसल्यासारखा गप्प होतो. "पुरणपोळीबरोबर दूध, तूप की कटाची आमटी?" यावर सगळं घर बोलायला लागतं, कारण प्रत्येकाकडे वेगळं उत्तर असतं आणि ते सांगताना आपल्या गावाचा, आजोळाचा उल्लेख येतोच. प्रदेशागणिक बदलणाऱ्या चवी, सण, शब्द, जिन्नस हा मराठी पेजचा मोठा खजिना आहे. एक पथ्य मात्र पाळा. "आमचीच खरी, बाकी सगळं बिघडलेलं" असा सूर लावू नका. कोल्हापूरच्या मिसळीचं कौतुक करताना नाशिकच्या मिसळीला नावं ठेवली तर कमेंट भरपूर येतील, पण त्यातला निम्मा राग तुमच्या नावावर जमा होईल.

चपलांच्या कारागिरांसाठी सांगायचं तर, जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि त्या कुठून आल्या याचा उल्लेख केला नाही. लोकांनी समाजमाध्यमांवर जोरात आवाज उठवला, महाराष्ट्र चेंबर या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेने कंपनीला पत्र लिहिलं, आणि या चपलांमागे भारतीय कारागिरीची प्रेरणा असल्याचं कंपनीने मान्य केलं. लोकांना या चपलेबद्दल आपलेपणा आहे, हे त्या वेळी सगळ्यांना दिसलं. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं असून त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे येतात, ही साधी माहितीसुद्धा कित्येकांना नवीन असते. ती सांगा आणि शेवटी विचारा, "नवी चप्पल चावायला लागली की तुमच्या घरी काय करतात?" खोबरेल तेलापासून सुरुवात होईल.

हापूसवाल्यांनी आढीबद्दल विचारावं. पेटी घरी आल्यावर आंबे पेंढ्यात ठेवता, तांदळाच्या डब्यात की वर्तमानपत्रात गुंडाळून? या प्रश्नाला दुबईतला आणि अमेरिकेतला मराठी माणूसही उत्तर देतो. तो स्वतः तुमच्याकडून पेटी घेऊ शकणार नाही, पण पुण्या-मुंबईतल्या आईवडिलांना पाठवायची झाली तर ज्याच्याशी बोलणं झालंय त्याचीच आठवण त्याला येईल.

किंमत विचारली तर किंमत सांगा

या एका बाबतीत आम्ही ग्राहकांशी वाद घालतो. कुणी "किती?" असं विचारलं की खाली "इनबॉक्स केलंय" लिहायची पद्धत पडली आहे. स्पर्धकाला भाव कळू नये, हे त्यामागचं कारण. पण स्पर्धकाला तो एका फोनवर कळतो. ज्याला घ्यायचंय त्याला मात्र इनबॉक्समध्ये जावं लागतं, वाट पाहावी लागते, आणि भाव माणूस बघून सांगतात की काय, अशी शंका त्याच्या मनात येते. एकाने विचारलं तेव्हा न विचारणारे कितीतरी जण तेच उत्तर शोधत असतात. म्हणून भाव उघड लिहा: वजन, किंमत, घरपोच पाठवण्याचा खर्च. आंब्यासारखा भाव रोज बदलणारा माल असेल तर "आजचा भाव" असं लिहून तारीख टाका.

पत्ता, फोन नंबर आणि ऑर्डरचा तपशील मात्र इनबॉक्समध्येच घ्या. ग्राहकाने घाईत स्वतःचा नंबर कमेंटमध्ये लिहिला तर त्याला कळवा आणि ती कमेंट लपवा.

उत्तर कसं द्यायचं

"धन्यवाद" आणि जोडलेले हात, एवढं उत्तर दिलं की बोलणं तिथेच संपतं. उत्तरात माहितीचा एखादा कण तरी असू द्या आणि जमलं तर उलट प्रश्न विचारा.

कमेंट: "आमच्याकडे मसाल्यात सुकं खोबरं घालत नाहीत."
उत्तर: "बरोबर आहे ताई, वर्षभर ठेवायचा असेल तर कित्येक जण खोबरं टाळतात, खवट होण्याची भीती असते. तुम्ही तीळ घालता का?"

त्या ताई परत येतात. त्यांच्याशिवाय आणखी दोघी-तिघी मध्ये बोलायला लागतात. असं झालं की थोडं मागे राहा. गिऱ्हाइकं एकमेकांशी बोलत असताना मालकाने प्रत्येक ओळीत तोंड घालायचं नसतं.

कमेंट ज्या भाषेत आली त्या भाषेत उत्तर द्या. मालवणीत कुणी लिहिलं आणि तुम्हाला मालवणी येत असेल तर मालवणीतच लिहा. येत नसेल तर उसनी आणू नका. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणाऱ्याला हसू नका आणि शुद्धलेखन तर कधीच सुधारू नका. अनोळखी माणसाशी 'तुम्ही' म्हणूनच बोला, तो वयाने लहान वाटला तरी.

दुकान उघडल्यावर एकदा आणि रात्री बंद करताना एकदा, अशी वेळ बांधून घ्या. दिवसभर फोनकडे पाहत बसायची गरज नाही, पण आलेली कमेंट दुसऱ्या दिवसावर जाऊ देऊ नका. पुन्हा पुन्हा येणारा प्रश्न असेल तर त्याचं सविस्तर उत्तर लिहून ती कमेंट वर टाचून ठेवा. इन्स्टाग्रामवर अशा तीन कमेंट वर ठेवता येतात. यूट्यूबवर तुम्ही एखाद्या कमेंटला हृदयाची खूण दिली की लिहिणाऱ्याला त्याची सूचना जाते. इन्स्टाग्रामवर कमेंटला थेट रीलने उत्तर देता येतं आणि ते आम्हाला फार उपयोगी वाटतं. कुणी विचारलं, "मसाला जुना झाला हे कसं ओळखायचं?" तर तीच कमेंट पडद्यावर ठेवून तुम्ही बरणी उघडून दाखवायची. पुढच्या व्हिडिओचा विषय ग्राहकानेच दिलेला असतो.

तक्रार आली तर

आंब्याच्या पेजवर हंगामात एकदा तरी येणारी कमेंट: "पेटीतले चार आंबे साक्याचे निघाले. पैसे वाया गेले." साका म्हणजे आतून बिघडून स्पंजासारखा झालेला गर. अशी कमेंट पाहिली की पहिला विचार येतो तो पुसून टाकण्याचा. तसं करू नका. पुसलेली तक्रार दुसरीकडे जास्त रागाने लिहिली जाते, आणि मग तिथे उत्तर द्यायला तुम्ही नसता.

उत्तर असं असावं: "दादा, वाईट वाटलं. साका बाहेरून दिसत नाही, कापल्यावरच कळतो, पण म्हणून नुकसान तुम्ही सोसायचं कारण नाही. कापलेल्या आंब्यांचा फोटो इनबॉक्समध्ये पाठवा, तेवढे आंबे पुढच्या पेटीत जास्त घालतो." आणि नंतर ते खरंच घाला. त्याचं समाधान झालं की त्यालाच त्या कमेंटखाली तसं लिहायची विनंती करा; त्याने लिहिलं तर उत्तम, नाही लिहिलं तर आग्रह नको. हे उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा ते वाचणाऱ्या इतरांना जास्त काही सांगून जातं.

शिव्या, जातीवरून किंवा बाईमाणसाला उद्देशून केलेली घाण मात्र सहन करायची नाही. फेसबुकवर कमेंट लपवली तर ती लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, बाकीच्यांना दिसत नाही. म्हणून सरळ हटवून त्या खात्याला ब्लॉक करणं बरं. नको असलेल्या शब्दांची यादी सेटिंगमध्ये भरता येते. ती देवनागरीत, इंग्रजी अक्षरांत आणि लोक मुद्दाम मोडून लिहितात त्या रूपांतही भरावी लागते. हे काम आम्ही करून देतो.

जे आम्ही करत नाही

"देवाचं नाव लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका", "खरे मराठी असाल तर हो लिहा" अशा पोस्ट आम्ही टाकत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये फेसबुकने अशा गळ टाकणाऱ्या पोस्ट खाली ढकलायचं जाहीर केलं. खरोखर सल्ला किंवा मदत मागणाऱ्या पोस्टना ते लागू नाही, हेही तेव्हाच सांगितलं होतं. पण नियम नसता तरी आम्ही हे केलं नसतं. लोकांच्या श्रद्धेवर आपल्या पेजचा आकडा वाढवायचा, हे आम्हाला पटत नाही.

स्पर्धा घ्यायची तर "कमेंटमध्ये उत्तर लिहा" ही अट चालते. "मित्रांना टॅग करा" किंवा "स्वतःच्या टाइमलाइनवर शेअर करा, तरच भाग घेता येईल" ही अट फेसबुकच्या नियमात बसत नाही. बक्षीस तुमच्या मालातलंच ठेवा. मोबाइल किंवा रोख रक्कम ठेवली तर बक्षिसांमागे फिरणारी खाती जमतात आणि निकाल लागला की निघून जातात.

विकत घेतलेल्या कमेंट आणि फॉलोअर आम्ही कुणालाही आणून देत नाही. गूगलवर अभिप्राय लिहिल्यास सूट देऊ, असंही सांगू नका. गूगलच्या धोरणात ते बसत नाही.

बनावट खात्यांपासून सावध

स्पर्धा जाहीर झाली की तुमचाच फोटो आणि तुमच्यासारखंच नाव लावून कुणीतरी खातं उघडतं आणि कमेंट करणाऱ्यांना "अभिनंदन, तुम्ही जिंकलात" असा संदेश पाठवून पैसे मागतं. म्हणून स्पर्धेच्या पोस्टखाली पहिली कमेंट तुमची असावी: आम्ही बक्षिसासाठी कधीही पैसे, ओटीपी किंवा यूपीआय पिन मागत नाही, पैसे मिळण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. ती वर टाचून ठेवा. कुणी फसलंच तर त्याला ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला सांगा आणि आम्हालाही कळवा, म्हणजे ते खातं आम्ही लगेच रिपोर्ट करू.

तुमच्याकडून आम्हाला काय हवं

पोस्ट लिहिणं, फोटो नीट करणं, वेळ ठरवणं, नको त्या कमेंट काढणं ही कामं आमची. मालाबद्दलची उत्तरं मात्र तुमचीच असली पाहिजेत. मिरची कुठून आणली, चामडं कसं कमावलं, या वर्षी मोहर का गळला, हे आम्ही ऑफिसात बसून लिहिलं तर वाचणाऱ्याला लगेच कळतं. टाइप करायला वेळ नसेल तर कमेंट वाचून व्हॉट्सॲपवर आवाजात उत्तर बोलून पाठवा, आहे तसं, तुमच्या बोलीत. आम्ही ते शब्द न बदलता टाइप करतो आणि पाठवण्याआधी एकदा तुम्हाला दाखवतो. भाव बदलला, माल संपला किंवा सुट्टी असली तर तेही त्याच दिवशी कळवा, म्हणजे जुन्या पोस्टखाली विचारणाऱ्यालाही बरोबर उत्तर जाईल.