इंजिन जुने, पण त्यात जुने किती?

ईस्ट इंडियन रेल्वेची 21 आणि 22 क्रमांकाची इंजिने म्हणजे सख्खी भावंडे. दोन्ही 1855 साली लीड्समधल्या किटसन, थॉम्पसन अँड ह्यूइटसन यांच्या कारखान्यात घडली आणि जहाजाने कलकत्त्यात उतरली. (आपल्या बार्शी लाइट रेल्वेसाठी पुढे इंजिने बांधणारा किटसन तो हाच.) बावीस नंबरला 1895 मध्ये ‘फेअरी क्वीन’ हे नाव मिळाले. एकवीस नंबर म्हणजे ‘एक्स्प्रेस’. फेअरी क्वीन 1909 साली निवृत्त झाले. मग ते हावड्याला शोभेसाठी उभे राहिले, नंतर चंदौसीच्या रेल्वे प्रशिक्षण शाळेत गेले आणि पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात ठेवले गेले. एक्स्प्रेस मात्र बिहारमधल्या जमालपूर वर्कशॉपच्या आवारात उन्हापावसात गंजत राहिले.

आज ‘जगातले सर्वांत जुने चालते वाफेचे इंजिन’ ही बिरुदावली कधी एकाच्या गळ्यात पडते, कधी दुसऱ्याच्या. फेअरी क्वीनची डागडुजी होऊन ते 1997 मध्ये, तब्बल 88 वर्षांनी, पुन्हा रुळांवर धावले. पुढच्याच वर्षी गिनीज बुकात त्याची नोंद झाली आणि दिल्ली-अलवर पर्यटक गाडी त्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. 2011 मध्ये त्याचे सुटे भाग चोरीला गेले. चेन्नईच्या पेरांबूर लोको वर्क्सने 2012 च्या अखेरीस ते पुन्हा चालते केले. त्याआधी 15 ऑगस्ट 2010 रोजी याच पेरांबूरने एक्स्प्रेसलाही जिवंत केले होते. या इंजिनाचे बरेच भाग गंजले होते, काही तर जागेवरच नव्हते. ते नव्याने घडवावे लागले, शिवाय आजच्या काळाचे एअर ब्रेक आणि दिवे बसवले गेले. मग धावतात ती 1855 ची इंजिने म्हणायची की पेरांबूरची?

प्रश्न चावट वाटेल, पण वाफेच्या इंजिनाच्या बाबतीत तो पहिल्या दिवसापासूनचा आहे. बॉयलर ही झिजणारी वस्तू. पाण्यातल्या क्षारांचा थर, आगीचा ताप आणि वाफेचा दाब यांमुळे नळ्या आणि फायरबॉक्सचे, म्हणजे आग पेटते त्या पेटीचे, पत्रे काही वर्षांत कामातून जातात. बॉयलरच्या दुरुस्तीला सांगाड्याच्या दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून मोठ्या वर्कशॉपात जादा बॉयलर तयार असत. इंजिन एक बॉयलर घेऊन आत जाई आणि दुसराच घेऊन बाहेर पडे. फोरमनच्या लेखी ते तेच इंजिन, कारण नंबर तोच. ‘मूळ इंजिन’ ही कल्पना इंजिने भंगारात निघू लागल्यानंतरची, हौशी लोकांची आणि संग्रहालयांची.

स्टीफन्सन यांच्या ‘रॉकेट’चेच बघा. 1829 मध्ये इंग्लंडमधल्या रेनहिलला झालेल्या इंजिनांच्या स्पर्धेत जिंकले तेव्हा त्याचे सिलिंडर तिरके, सुमारे 35 अंशांत बसवलेले होते. वर्ष-दोन वर्षांत ते खाली, जवळजवळ आडवे आणले गेले आणि पुढचा भागही बदलला. 1862 मध्ये रॉकेट लंडनच्या पेटंट ऑफिस म्युझियममध्ये पोचले तेव्हा रेनहिलमधल्या रूपाची बरीच मोडतोड झालेली होती. त्याला पुन्हा ‘पहिल्यासारखे’ करण्याचा मोह संग्रहालयाने टाळला. स्पर्धेतले पिवळेधमक रूप पाहायचे तर 1979 मध्ये बांधलेली चालती प्रतिकृती आहे. झीज, ठिगळे, मध्येच झालेले फेरफार हाच त्या इंजिनाचा दस्तऐवज आहे. तो पुसून कोरा करण्यापेक्षा नवी प्रतिकृती बांधावी, हे मला आजवरचे सर्वांत शहाणपणाचे उत्तर वाटते.

‘फ्लाइंग स्कॉट्समन’ला ते मानवले नाही, कारण लोकांना ते धावताना हवे होते. 1923 साली इंग्लंडमधल्या डॉनकास्टरला बांधलेले हे इंजिन 1947 मध्ये वेगळ्या वर्गात रूपांतरित झाले. पुढे त्याला जोडधुराडे लागले, बॉयलरच्या दोन्ही बाजूंना धूर वर ढकलणारे पत्रे लागले आणि बॉयलर तर कितीदा बदलले. 1963 मध्ये अ‍ॅलन पेगलर या रेल्वेवेड्या उद्योजकाने ते विकत घेतले, त्याला पुन्हा पोपटी हिरवा रंग आणि 4472 हा जुना नंबर दिला. 2004 मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने ते खरेदी केले आणि 42 लाख पौंडांची दुरुस्ती 2016 पर्यंत चालली. मग वाद पेटला तो रंगावरून. लोकांच्या आठवणीतला रंग पोपटी, पण अंगावरचे जोडधुराडे आणि पत्रे 1960 च्या आसपासचे. संग्रहालयाने अंगावरच्या भागांशी जुळणारा ब्रिटिश रेल्वेचा गडद हिरवा रंग आणि 60103 हा नंबर दिला. अनेकांना ते रुचले नाही. माझ्या मते निर्णय बरोबर होता. आजीच्या लग्नातला शालू नातीला नेसवून तिला आजी म्हणता येत नाही.

या भांडणांना काही चौकट असावी म्हणून युरोपातल्या वारसा रेल्वेंच्या महासंघाने 2005 मध्ये रीगा सनद स्वीकारली. तिचे मूळ 1964 च्या व्हेनिस सनदेत आहे. ही व्हेनिस सनद जुन्या वास्तूंच्या जतनासाठी लिहिलेली. अंदाजाने काम सुरू झाले की जीर्णोद्धार तिथेच थांबवावा आणि नव्या भागाने जुने असल्याचा आव आणू नये, हे तिचे म्हणणे. पण देऊळ एका जागी उभे असते. इंजिन चालवले तर झिजते, न चालवावे तर निव्वळ लोखंड उरते. शिवाय वाफेचा दाब आणि प्रवाशांचे जीव यांच्यापुढे जुना ब्रेक ‘अस्सल’ आहे म्हणून ठेवता येत नाही. म्हणून एक्स्प्रेसच्या एअर ब्रेकला माझा आक्षेप नाही. काय काढले, काय नवे घातले याची नोंद इंजिनाशेजारीच प्रवाशांना वाचता यावी, एवढेच मागणे.

निलगिरीच्या डोंगरी रेल्वेत तर आणखी वेगळे घडले. तिथली जुनी एक्स वर्गाची इंजिने स्वित्झर्लंडमधल्या विंटरथूरची. ती थकत गेली तशी तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक वर्कशॉपने त्याच आराखड्यावर नवी इंजिने बांधली, पण कोळशाऐवजी तेलावर चालणारी. त्यांना नकली कोण म्हणेल? दातेरी रूळ तोच, चढ तोच, वाफ खरी.

वाफच नसलेली इंजिनेही आता आली आहेत. ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झालेल्या एकतानगर-अहमदाबाद ‘हेरिटेज’ गाडीचे इंजिन विजेवर चालते, फक्त चेहरा वाफेच्या इंजिनाचा आहे. नेरळ-माथेरानच्या डिझेल इंजिनालाही तसाच मुखवटा चढला आहे. 1907 मध्ये ही लाइन सुरू झाली तेव्हा ती चालवणारी ओरेनस्टाइन अँड कोपेलची जर्मन इंजिने खास या वळणांसाठी आखलेली होती. त्यांच्या चाकांचे आस थोडे सरकत, म्हणून तीव्र वळणावर चाक अडत नसे. त्यांतले 740 नंबरचे इंजिन आज इंग्लंडमध्ये आहे. मधल्या काळात पर्यटकांसाठी वाफ हवी म्हणून दार्जिलिंगचे एक बी वर्गाचे इंजिन नेरळला आणले गेले. ते शंभर टक्के खरे होते, फक्त माथेरानचे नव्हते.