जावास्क्रिप्ट कंपायलरमध्ये नव्या भाषासुविधेची भर

जावास्क्रिप्टमधली प्रस्तावित किंवा नुकतीच मंजूर झालेली रचना मुक्तस्रोत कंपायलरला, म्हणजे कोडचे एका रूपातून दुसऱ्या रूपात भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामला, वाचता यावी आणि जुन्या ब्राउझरला कळेल अशा कोडमध्ये उतरवता यावी, यासाठी स्वयंसेवकांनी केलेले काम. या क्षेत्रातले सर्वांत परिचित नाव बेबेल. सेबॅस्टियन मॅकेन्झी यांनी २०१४ मध्ये तो ‘सिक्स टू फाइव्ह’ या नावाने सुरू केला आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. परवाना एमआयटी हा मोकळा परवाना, त्यामुळे कोड कोणालाही वाचता-बदलता येतो. पुढचे वर्णन बेबेलला धरूनच आहे.

भाषेत काय यावे हे कंपायलर ठरवत नाही. तो अधिकार एक्मा इंटरनॅशनल या मानक-संस्थेच्या टीसी३९ समितीचा. प्रस्ताव शून्यापासून चारपर्यंतच्या पायऱ्या चढतो. २०२३ मध्ये दोन आणि तीनच्या मध्ये २.७ ही आणखी एक पायरी आली. बेबेल प्रस्ताव कच्चा असतानाच त्याला जागा देतो, कारण लोकांनी वापरून पाहिल्याशिवाय रचनेतले दोष वर येत नाहीत. मात्र अशी सुविधा आपोआप चालू होत नाही, प्लगइन (कंपायलरला जोडायचा पूरक भाग) मुद्दाम जोडावे लागते. प्रस्ताव बदलला की प्लगइनही बदलायचे. डेकोरेटर (क्लासला किंवा त्याच्या भागांना @ चिन्हाने जोडायची खूण) या प्रस्तावाच्या बाबतीत तर निरनिराळ्या वर्षांच्या आवृत्त्या पर्याय म्हणून सांभाळाव्या लागल्या.

काम साधारणपणे पार्सरपासून सुरू होते. पार्सर कोडचे तुकडे पाडून त्याचे वाक्यरचना-झाड उभे करतो. नव्या रचनेसाठी झाडात नवी गाठ लागली तर तिची व्याख्या टाइप्सच्या पॅकेजमध्ये आणि झाडावरून पुन्हा कोड छापण्याची रीत जनरेटरमध्ये लिहावी लागते. रूपांतर सगळ्यात शेवटी येते.

ईएस२०२० मधली, म्हणजे भाषेच्या प्रमाणाच्या २०२० च्या आवृत्तीतली, ऑप्शनल चेनिंग पाहू. तिला डिसेंबर २०१९ मध्ये चौथी पायरी मिळाली. जावास्क्रिप्टला चलांची देवनागरी नावे चालतात, म्हणून उदाहरण मराठीतच देता येते: घर?.पत्ता. घर नसेल तर चूक न फेकता अनडिफाइन्ड (‘किंमत ठरलेली नाही’ असे सांगणारे मूल्य) मिळावे, एवढेच मागणे. पण पार्सरपुढे लगेच पेच उभा राहतो. दर?.5:1 हा जुना, पूर्णपणे वैध कोड आहे; दर खरा असेल तर .5, नाहीतर 1. इथे ?. ही एकच खूण मानली तर वर्षानुवर्षे चाललेली पाने कोसळतील. म्हणून पुढे अंक असेल तर ही खूण धरायची नाही, असे प्रमाण-दस्तऐवजातच लिहिले आहे आणि पार्सरला एक अक्षर पुढे डोकावून पाहावे लागते.

रूपांतरात आणखी बारकावे आहेत. घरनोंदवा()?.पत्ता याचे भोळे रूपांतर केले तर फंक्शन दोनदा चालेल आणि एकाच घराची दोनदा नोंद होईल. त्यामुळे आधी तात्पुरते चल घ्यावे लागते. खाते.जमा?.(50) मध्ये जमा हे फंक्शन वेगळ्या चलात काढले की त्याचा धनी, म्हणजे खाते ही वस्तू, सुटतो. तो फंक्शनच्या .call या सोयीने परत जोडून द्यावा लागतो. शिवाय नल (‘काहीही नाही’ हे मूल्य) आणि अनडिफाइन्ड यांची तुलना वेगवेगळी, तीन बरोबरच्या चिन्हांनी (===) करायची. ब्राउझरमधली डॉक्युमेंट.ऑल ही जुनी वस्तू दोन चिन्हांच्या (==) तुलनेत नलसारखी वागते, पण ती असते खरीखुरी वस्तू. सुविधा ‘चालते’ आणि सुविधा ‘बरोबर चालते’ यांतले अंतर अशा जागी दिसते, आणि योगदानाचा खरा कस इथेच लागतो.

म्हणूनच चाचण्यांना रूपांतराइतकेच मोल आहे. बेबेलमध्ये प्रत्येक चाचणीचे एक फोल्डर असते: आत जाणारा कोड आणि बाहेर यायला हवा तो कोड. अपेक्षित फाइल नसेल तर चाचणी-यंत्रणा ती स्वतःच तयार करून ठेवते. सोय मोठी, पण धोकाही तितकाच. जे निघाले तेच बरोबर असे धरले तर चूकच कायमची प्रमाण होऊन बसते. निघालेली प्रत्येक ओळ प्रस्तावाच्या मजकुराशी ताडून पाहिल्याखेरीज पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल प्रकल्पात घेण्याची विनंती) टाकू नये. समितीचा टेस्ट२६२ हा चाचणीसंच वेगळा आहे, आणि पार्सरला तोही लावला जातो.

होळकरांच्या काळापासून मराठी नांदत असलेल्या इंदूरमध्ये या कामाला लागणारी तयारी हाताशी आहे. गोविंदराम सेकसरिया तंत्रज्ञान संस्था १९५२ पासून अभियंते घडवते आहे, आयआयटी २००९ मध्ये आली आणि सुपर कॉरिडॉरवर टीसीएस व इन्फोसिसची संकुले आहेत. कंपायलर मात्र रोज वापरूनही त्याच्या पोटात डोकावण्याची वेळ नोकरीत सहसा येत नाही. हे काम रामबागेतल्या किंवा लोकमान्य नगरातल्या घरी बसून, साध्या लॅपटॉपवर गिट, नोड आणि यार्न या मोफत साधनांच्या बळावर करता येते. टीसी३९ च्या बैठकांची टिपणे खुली असतात. एखादा नियम असाच का ठरला, हे त्यांतून उलगडते. कॅलिफोर्निया इंदूरपेक्षा साडेबारा ते साडेतेरा तास मागे आहे, तेव्हा तिकडच्या परीक्षकाचा शेरा अनेकदा दुसऱ्या दिवशी सकाळीच हाती येतो.

नवख्याने आधी चर्चा उघडून हे काम कोणी घेतले आहे का ते विचारावे. मग पार्सरचा भाग आणि रूपांतराचा भाग वेगवेगळ्या पीआरमध्ये द्यावा. लहान पीआर नीट तपासला जातो, आणि रूपांतर अडून राहिले तरी पार्सरचे काम वापरात येऊ शकते.