फार्गोच्या वरच्या मजल्यावरचा नाच

7 नोव्हेंबर 1940 ची रात्र. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातलं फार्गो, वस्ती बत्तीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. तिथल्या नगर सभागृहाच्या वरच्या मजल्यावर क्रिस्टल बॉलरूम होती, आणि त्या रात्री तिथे वाजवायला आला होता जॅझचा नामवंत पियानोवादक आणि संगीतकार ड्यूक एलिंग्टनचा ताफा. लोक आले होते ते नाचायला.

एवढा मोठा माणूस एवढ्या लहान गावी कसा? त्या काळी ते रोजचंच होतं. आपल्या नाटक कंपन्यांसारखे हे बँडही दौऱ्यांवर जगत: आज इथे, उद्या तिथे, बहुतेक ठिकाणी एकच रात्र. 1935 साली लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये क्लॅरिनेटवादक बेनी गुडमनच्या बँडने तरुणांना वेड लावलं, तिथून 'स्विंग'ची, म्हणजे नाचायला लावणाऱ्या जॅझची, लाट आली असं मानतात. रेडिओने नाव घरोघरी पोचवायचं आणि गावातल्या हॉलने तिकिटं खपवायची, असा तो हिशेब. गाजलेल्या नावांखेरीज ठरावीक टापूत फिरणारे 'टेरिटरी बँड' होते, मधल्या राज्यांत नाचाची भूक मुख्यतः तेच भागवत. आणि पंधराएक वादक कशाला? ध्वनिवर्धकं बेताची, हॉल भरायचा तर ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांच्या फुफ्फुसांनीच. कृष्णवर्णीय बँडला पुष्कळ गावांत हॉटेलात खोली मिळत नसे. दक्षिणेच्या दौऱ्यांवर एलिंग्टन त्यासाठी रेल्वेचे स्वतंत्र डबेच भाड्याने घेई.

फार्गोची रात्र ध्यानात राहिली ती जॅक टॉवर्स आणि डिक बरिस या दोन हौशी तरुणांमुळे. परवानगी काढून त्यांनी ध्वनिमुद्रणाचं यंत्र हॉलमध्ये आणलं आणि तबकड्यांवर तो कार्यक्रम टिपला. तबकडी भरली की बदलावी लागे, तेवढ्यात बँड काही थांबत नसे. म्हणून काही गाणी अर्धीच सापडतात. मधूनच गर्दीची कुजबूज येते. ताफ्यातला ट्रम्पेटवादक कूटी विल्यम्स नुकताच गुडमनकडे गेला होता, त्याच्या जागी रे नान्स अगदी नवखा. सॅक्सोफोनवादक बेन वेबस्टरने वाजवलेला 'स्टारडस्ट' मात्र कुठल्याही स्टुडिओतल्या मुद्रणाच्या तोडीचा आहे, असं माझं मत. 1978 साली हे मुद्रण रीतसर बाजारात आलं आणि 1980 च्या सोहळ्यात त्याला ग्रॅमी मिळालं. एलिंग्टन तोवर हयात नव्हता.

तोवर हॉलही ओस पडले होते. दुसऱ्या महायुद्धात वादक सैन्यात गेले, पेट्रोल आणि टायर रेशनवर आले, बसगाड्या थांबल्या. 1942 च्या ऑगस्टपासून वादकांच्या संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला, त्या संघटनेत नसलेल्या गायकांचं फावलं. 1944 मध्ये नाचगाण्याच्या ठिकाणांवर आधी 30 टक्के, मग 20 टक्के कर बसला. 1946 च्या डिसेंबरात तर गुडमन, हॅरी जेम्स, टॉमी डॉर्सी अशा बड्या मंडळींनी आपापले ताफे मोडले. एलिंग्टनने मात्र आपला ताफा मोडला नाही.