ओएसएससी ओळ धरतो, रेट्रोटिंक फ्रेम धरतो

‘ओएसएससी घेऊ की रेट्रोटिंक ५एक्स? पिक्सेल कुठल्यात जास्त टोकदार दिसतात?’ जुने गेम कन्सोल हल्लीच्या टीव्हीला जोडणाऱ्या या दोन डब्यांबद्दल हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि उत्तर देणारे दोन फोटो शेजारी शेजारी लावून मोकळे होतात. फोटोत दोन्ही छानच दिसणार. खरी भानगड वेळेची आहे, आणि ती फोटोत येत नाही.

जुन्या कन्सोलचा २४०पी सिग्नल (दर वेळी २४० ओळींचं पूर्ण चित्र) हल्लीचे बरेच टीव्ही ४८०आय (एकदा विषम, एकदा सम ओळी अशी दोन अर्धी चित्रं) समजून बसतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मग ते लागोपाठच्या दोन चित्रांच्या ओळी एकात गुंफतात. म्हणून तर मार खाल्ल्यावर लुकलुकणारा हिरो त्यांच्यावर फणीच्या दातांसारखा चिरफाळतो. काही शे रुपयांत मिळणारी ‘एव्ही टू एचडीएमआय’ डबीही सहसा हेच करते, वर चित्र ताणून मारिओला लठ्ठ करते. तिला स्केलर (चित्र टीव्हीच्या मापाचं करणारं यंत्र) म्हणून कुणी सुचवलं की माझं डोकं फिरतं.

ओएसएससी हा लाइन मल्टिप्लायर. अख्खी फ्रेम, म्हणजे एक पूर्ण चित्र, साठवायला त्याच्याकडे जागाच नाही. हातात असतात फक्त काही ओळी. एक ओळ आली की तीच दोनदा, तीनदा, पाचदा पुढे ढकलायची. म्हणून लॅग, म्हणजे चित्र दिसायला लागणारा जादा उशीर, जवळपास शून्य. पण म्हणूनच कन्सोलची वेळही जशीच्या तशी टीव्हीपर्यंत पोचते. एनटीएससी (अमेरिका-जपानच्या टीव्ही पद्धतीचा) सुपर निंटेंडो सेकंदाला साधारण ६०.०९८८ फ्रेम पाठवतो. टीव्हीची अपेक्षा ५९.९४ किंवा ६०ची. शिवाय २४०पीमध्ये हा कन्सोल दर दुसऱ्या फ्रेमला एक ओळ किंचित आखूड सोडतो. पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीला त्याचं सोयरसुतक नव्हतं. एचडीएमआयवर मात्र एक टीव्ही हे निमूट चालवून घेतो, दुसरा ‘नो सिग्नल’ दाखवतो. मग लोक ओएसएससीच्या नावानं बोटं मोडतात. अहो, त्यानं काही बिघडवलं नाही. आलं ते पुढे दिलं, इतकंच.

रेट्रोटिंक ५एक्स फ्रेम मेमरीत (फ्रेमबफरमध्ये) घेतो आणि टीव्हीला पचेल असा नीटनेटका सिग्नल नव्यानं बनवतो. आखूड ओळ तिथेच निस्तरली जाते. लगेच कुणीतरी म्हणतंच, ‘फ्रेमबफर आला म्हणजे लॅग आला.’ ही बदनामी बरीचशी फ्रेममायस्टर या जुन्या स्केलरची देणगी; तो खरोखरच एका फ्रेमहून जास्त वेळ खायचा. पण बफर आहे म्हणून तो काठोकाठ भरेपर्यंत थांबायलाच हवं असं नाही. आउटपुटचा वेग कन्सोलच्या वेगाला बांधला, म्हणजे फ्रेम लॉक लावला, की वरच्या ओळी बाहेर पडत असताना खालच्या अजून येतच असतात. उशीर एका फ्रेमपेक्षा, म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंदांपेक्षा, बराच कमी.

फ्रेम लॉक सोडून बरोबर ६०चा हट्ट धरलात तर सेकंदाला जास्तीची ०.०९८८ फ्रेम कुठेतरी जिरवावी लागते. हिशेब करा: दर दहा सेकंदांनी एक फ्रेम गळते. आडवं सरकणारं दृश्य तेवढ्यात अडखळतं, आणि एकदा दिसलं की मग तेच दिसत राहतं. टीव्ही घेत असेल तर फ्रेम लॉकच लावा.

स्कॅनलाइनचे (जुन्या टीव्हीसारख्या काळ्या रेषांचे) फिल्टर, रिमोट, मेनू यांवर वाद घालण्यात अर्थ नाही, दोन्हीकडे आहेत. प्लेस्टेशन टूवाल्यांनी मात्र ओएसएससीच्या वाटेला जाऊ नये. त्या कन्सोलचे बहुतेक गेम ४८०आयमध्ये आहेत, आणि फ्रेम साठवता येत नसल्यानं ओएसएससी ‘बॉब’ पद्धत वापरतो, म्हणजे प्रत्येक अर्धं चित्र एकटंच ताणून दाखवतो. बारीक आडव्या रेषा थरथरत राहतात. रेट्रोटिंक मागची फील्ड (आधीचं अर्धं चित्र) लक्षात ठेवून स्थिर भाग शांत ठेवतो.

ओएसएससी मी एकालाच सुचवेन: ज्याच्याकडे आरजीबी स्कार्ट केबल (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या तारांनी नेणारी) आहे, खेळ २४०पीचेच आहेत आणि ज्याचा डिस्प्ले तो सिग्नल घेतो याची खात्री झालेली आहे. नव्वदीतल्या कॅसेटवाल्या टीव्ही गेमसाठी तर प्रश्नच मिटतो. त्यातून निघतं ते फार तर पिवळ्या पिनचं कॉम्पोझिट, आणि ओएसएससीला कॉम्पोझिट घेताच येत नाही. रेट्रोटिंक ५एक्सला येतं.