ध्वनिरोधन, लाकडी सांगाड्याच्या घरांतील
लाकडी खांब, तुळया व कड्या यांच्या सांगाड्यावर बांधलेल्या घरात एका खोलीतला आवाज शेजारच्या वा खालच्या खोलीत जाऊ नये म्हणून केलेली योजना. बोलणे, गाणे हा वायुवाहित ध्वनी. पावले, सरकवलेला पाट यांचा आघातध्वनी थेट लाकडातून उतरतो व तो आवरणे अधिक कठीण असते.

ब्रिटनमधील जुन्या घरांत कड्यांच्या दोन्ही अंगांना पट्ट्या ठोकून त्यांवर आडव्या फळ्या टाकत आणि वर राख, वाळू किंवा माती भरत. या भरणीला इंग्लंडमध्ये ‘पगिंग’, तर स्कॉटलंडमध्ये ‘डेफनिंग’ म्हणतात. तिचा मूळ हेतू आग थोपवण्याचा, ऊब राखण्याचा की आवाज अडवण्याचा, याविषयी एकमत नाही. पहिले नाव मळलेल्या मातीवरून, म्हणजे सामग्रीवरून आले. दुसरे आवाज दाबण्यावरून. त्यामुळे निदान स्कॉटलंडपुरता ध्वनिरोधनाचा हेतू मुळातला मानणे सयुक्तिक वाटते. एडिंबरो व ग्लासगो येथील एकोणिसाव्या शतकातील बहुमजली घरांत ही भरणी सर्रास आढळते. प्रघात त्याआधीचा असावा. इंग्लंड-वेल्सच्या इमारत-नियमांच्या 1992 च्या मार्गदर्शिकेत तिचे वजन दर चौ.मी.ला 80 किग्रॅ. धरले आहे : राखेचा थर 75 मिमी., कोरड्या वाळूचा 50 मिमी. न्हाणीघरात वाळू वर्ज्य, कारण ती भिजली की कड्यांवरचा भार वाढतो.

भरणीचा गुण तिच्या वजनात आहे. वस्तुमान दुप्पट झाल्यास वायुवाहित ध्वनीचा रोध सिद्धांततः सुमारे 6 डेसिबेलने वाढतो. जर्मन ग्रंथांत हा नियम बेर्गर यांच्या नावाने येतो. आघातध्वनीला मात्र नुसते वजन पुरत नाही. चालण्याच्या पृष्ठाखाली मऊ थर लागतो.

महाराष्ट्रातील वाड्यांत कडीपाटावर मातीचा चोपलेला थर व त्यावर शेणसारवण किंवा शहाबादी फरशी असे. तो आवाजासाठी घालत असे म्हणण्यास आधार नाही, पण काम तेच होई. दुरुस्तीत भार घटवण्यासाठी माती काढून नुसत्या फळ्या ठेवल्या की माडीवरचे प्रत्येक पाऊल खाली वाजते. कड्या धड असतील तर हा थर राखलाच पाहिजे.

आधुनिक रीतीत वजनाऐवजी विलगतेवर भर असतो : एकमेकींना न जोडलेल्या दोन चौकटी, मध्ये खनिज लोकर, बाहेरून जिप्समचे दुहेरी तक्ते. चौकटी एका खिळ्याने जरी सांधल्या गेल्या तरी आवाजाला वाट मिळते.