अॅक्रिलिक आणि सीएनसी राउटर: पार्श्वभूमी

अॅक्रिलिक या काचेसारख्या प्लास्टिकची शीट आणि ती कापणारं सीएनसी मशीन (म्हणजे फिरतं कटर संगणकाच्या हुकमावर चालवणारा राउटर), दोघांनाही मोठं केलं विमानांनी. गंमत म्हणजे तेव्हा दोघांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता.

1933 मध्ये जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने अॅक्रिलिकसाठी ‘प्लेक्सिग्लास’ हे नाव नोंदवलं. इंग्लंडमध्ये आयसीआय या रसायन कंपनीचं ‘पर्स्पेक्स’ही त्याच सुमारास आलं. काचेच्या दोन तावदानांमध्ये द्रव ओतून तो घट्ट होऊ द्यायचा, ही शीट बनवायची जुनी पद्धत. आपण आजही जिला कास्ट शीट म्हणतो ती हीच. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या कॉकपिटवर अॅक्रिलिकचे पारदर्शक घुमट बसले. सुमारे 105 अंश सेल्सियसच्या पुढे हे प्लास्टिक नरम पडतं आणि साच्यावर हवं तसं वळतं, म्हणून ते शक्य झालं. राउटरवाल्यांची डोकेदुखीही नेमकी याच गुणातून येते.

मशीनची सुरुवात हेलिकॉप्टरच्या पात्यांपासून झाली. 1940 च्या दशकात अमेरिकेत जॉन पार्सन्स पात्याच्या वक्राचे बिंदू पंचकार्डांच्या यंत्रावर मोजून घेत. मग एक जण आकडे मोठ्याने वाचायचा आणि दोघे जण मिलिंग मशीनचे दोन अक्ष हाताने त्या आकड्यांवर आणायचे. हाताचं हे काम मोटरला द्यायचं म्हणून एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाला गाठलं गेलं, आणि 1952 मध्ये छिद्रांच्या कागदी फितीवर चालणारं मिलिंग मशीन लोकांसमोर आलं. आज मशीनला दिल्या जाणाऱ्या ‘जी1 एक्स120 वाय45 एफ1800’ (एफ म्हणजे वेग, तेवढ्या वेगाने या बिंदूवर जा) अशा ओळी त्याच घराण्यातल्या.

कोरीवकाम मात्र बराच काळ पँटोग्राफवरच राहिलं: पितळी अक्षरांवरून सुई फिरवायची, दुसऱ्या टोकाला कटर तेच अक्षर लहान करून कोरणार. 1964 मध्ये कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेसर बनवला आणि पुढे साइनबोर्डांचा धंदा लेसरकडे वळला, कारण कड तिथे आपोआप चकचकीत निघते. तरी ठरावीक खोलीचा खाचा किंवा जाड शीट म्हटलं की राउटरच बरा. 2009 मध्ये ‘जीआरबीएल’ हे मशीनच्या मोटरी चालवणारं मोफत फर्मवेअर (यंत्रातलं सॉफ्टवेअर) आलं आणि टेबलावरचं छोटं मशीन हौशी लोकांच्या आवाक्यात आलं.

इथे उष्णतेने नरम पडायचा जुना गुण अंगावर येतो. बिट (राउटरचं फिरतं कटर) तुटेल या भीतीने नवशिके फीड, म्हणजे बिट पुढे सरकायचा वेग, कमी करतात. मग बिट कापायच्या ऐवजी घासतं. अॅक्रिलिक उष्णता नीट वाहून नेत नाही, त्यामुळे ती बाहेर पडायची ती कीसाबरोबरच. कीस पिठासारखा बारीक निघाला तर उष्णता मागेच राहते, तो वितळून बिटाला गोळा होऊन बसतो आणि कापलेली फट मागून पुन्हा जुळते. म्हणून एक धारेचं बिट घ्यावं: 18,000 आरपीएम आणि दर फेऱ्याला 0.1 मिमी कीस धरला तर फीड येतं मिनिटाला 1,800 मिमी, म्हणजे वरच्या ओळीतला ‘एफ1800’. ऐकायला धाडसी वाटतं, पण माझ्या मते भिण्यासारखी चाल ती नाही, संथ चाल आहे.

एक्स्ट्रूडेड, म्हणजे साच्याच्या फटीतून दाबून काढलेली, शीट स्वस्त पडते, पण लवकर नरम होते आणि चिकटते. कोरायचं असेल तर कास्टच घ्यावी. आणि कापून झालं की कड स्पिरिटने पुसू नये: आत ताण राहिला असेल तर बारीक तडे जातात. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरतं.