धर्मादाय दवाखान्यातील राखीव खाटा: सांगली-मिरजेत अर्ज कसा करायचा?

जत-आटपाडीकडे आजार हाताबाहेर गेला की घरातले एकच म्हणतात, 'मिरजेला न्या.' माझ्या चुलत्यांना आम्ही असेच नेले. दवाखाना न्यासाचा होता, फलकावर 'धर्मादाय' लिहिलेले होते. तरी दोन म्हशी विकून बिल भरले. निर्धन रुग्ण निधी नावाचे काही असते, हे घरी आल्यावर तीन आठवड्यांनी कळले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 41 कक प्रमाणे आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे, धर्मादाय रुग्णालयाला 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. योजना 2006 पासून लागू आहे. पैसा कुठून येतो? दवाखाना निर्धन आणि दुर्बल घटकातले सोडून बाकी सगळ्या रुग्णांच्या एकूण बिलाच्या 2 टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या वेगळ्या खात्यात टाकतो. म्हणजे शेजारच्या खाटेवरच्या माणसाने भरलेल्या बिलातलाही वाटा त्यात असतो. तेव्हा काउंटरवर मागताना मान खाली घालू नका.

कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 1,80,000 रुपयांपर्यंत असेल तर रुग्ण निर्धन, 3,60,000 पर्यंत असेल तर दुर्बल घटकातला.

बिल कसे होते, हे नीट समजून घ्या. खाट, परिचारिकांची सेवा, निवासी डॉक्टर, चादरी, पाणी, वीज यांचे पैसे लावायचे नाहीत. ज्या सेवांचे पैसे लागतात, त्या त्या दवाखान्याच्या सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने धरायच्या. औषधे, इम्प्लांट (शरीरात बसवायचे साहित्य) आणि इतर साहित्य दवाखान्याच्या खरेदी किमतीने, छापील किमतीने नाही. निर्धन रुग्णाचे हे बिल निधीतून वळते होते. दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधे आणि साहित्याचे किमान निम्मे पैसे भरावे लागतात. चुलत्यांच्या बिलातली सगळ्यांत मोठी ओळ औषधांचीच होती, म्हणून हा मुद्दा मी विसरत नाही.

कागद फार नाहीत. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड अथवा दारिद्र्यरेषेचे कार्ड. सोबत रुग्णाचे आधारकार्ड ठेवा. दाखल्याचा अर्ज सेतू किंवा आपले सरकार सेवा केंद्रात करायचा. त्याला दिवस लागतात, म्हणून घरात जुनाट दुखणे असेल तर आजच काढून ठेवा.

दाखल होतानाच दवाखान्यातल्या वैद्यकीय समाजसेवकाला (रुग्णांना अशा मदतीसाठी नेमलेला कर्मचारी) भेटा, डिस्चार्जची वाट पाहू नका. अर्ज लेखी द्या आणि प्रतीवर पोच घ्या. तातडीचा रुग्ण असेल तर आधी दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यावेच लागतात, कागद मागाहून.

आजार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत (राज्य सरकारची मोफत उपचारांची योजना) बसतो का, हे आधी आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या दवाखान्यातल्या मदतनिसाला विचारा. तिथे कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे.

'खाट शिल्लक नाही' असे सांगितले तर ते लेखी मागा. नकाराचा कागद, अर्जाची पोच आणि दाखला घेऊन सांगलीच्या सहायक धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार द्या. सातारकरांसाठी हे कार्यालय साताऱ्यात आहे.